आधी कंडेन्सर, मग मलार्ड

या वेळच्या पत्रांत जुन्या व्हॅक्यूम ट्यूबचीच, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधी आवाज वाढवायला वापरत त्या काचेच्या नळ्यांचीच, गर्दी आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पहिल्या पत्राला मुद्दाम जास्त जागा दिली, कारण त्यात जे विचारलंय त्यापेक्षा जाता जाता जे सांगितलंय, ते जास्त गंभीर आहे.

प्रश्न: मामांचा साठच्या दशकातला ट्यूबचा स्टीरिओ अँप्लिफायर माझ्याकडे आलाय. मागे स्पीकरला ताकद देणाऱ्या चार ईएल३४ ट्यूब, पुढे छोट्या. आवाज गोड आहे. फक्त अर्ध्या तासानंतर डाव्या स्पीकरमध्ये बारीक गुणगुण सुरू होते आणि दिवा मालवून पाहिलं तर त्या बाजूच्या एका ट्यूबच्या आतला पत्रा लालसर दिसतो. एकांकडे त्याच काळातल्या मलार्ड कंपनीच्या चार ईएल३४ पेटीबंद आहेत. त्या बसवल्या की हा दोष जाईल आणि आवाजही सुधारेल ना?

आधी अँप्लिफायर बंद करा, मग पुढचं वाचा.

हीटरचा, म्हणजे ट्यूब तापवणाऱ्या तारेचा, नारिंगी उजेड वेगळा. तो मधोमध, पत्र्याच्या वरच्या आणि खालच्या फटीतून दिसतो आणि दिसायलाच हवा. तुम्ही सांगताय ती लाली पत्र्याच्या अंगावरची आहे. तो राखाडी पत्रा म्हणजे प्लेट. तिच्यावर लाल पट्टा उमटला की समजायचं, सोसवत नाही इतका करंट ट्यूबमधून चाललाय. ईएल३४च्या प्लेटची मर्यादा २५ वॉट. तुमची ती ट्यूब बहुधा केव्हाच तिच्या पलीकडे गेली आहे. अशीच चालू ठेवलीत तर ट्यूब जाईलच, पण जाताना ट्यूब आणि स्पीकर यांच्या मधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जाईल. ट्यूब पुन्हा मिळते. त्या काळचा ट्रान्सफॉर्मर जळला की मग शोधत बसा.

दोष ट्यूबचा की अँप्लिफायरचा, हे कळायला सोपा उपाय आहे. सगळं थंड झाल्यावर ती लाल होणारी ट्यूब उजव्या बाजूच्या एखाद्या ट्यूबशी बदला. पुन्हा चालू करून नजर हलवू नका आणि लाली दिसताक्षणी बंद करा. लाली ट्यूबबरोबर उजवीकडे गेली तर ट्यूब खराब. लाली जुन्याच जागी राहिली तर दोष सर्किटात. माझी पैज दुसऱ्यावर.

कारण तुमच्या पत्रातच आहे: ‘अर्ध्या तासानंतर’. आधीच्या टप्प्यातल्या ट्यूबच्या प्लेटवर शे-दोनशे व्होल्टचा डीसी असतो. तो अडवायचा आणि गाणं तेवढं पुढे सोडायचं, हे काम कपलिंग कंडेन्सरचं. त्या काळी हे कंडेन्सर मेणात किंवा तेलात भिजवलेल्या कागदाचे असत. कागद वर्षानुवर्षं ओल धरतो आणि कंडेन्सर गळायला लागतो. ईएल३४च्या ग्रिडवर, म्हणजे ट्यूबमधला करंट आवरणाऱ्या जाळीवर, समजा उणे ३५ व्होल्ट हवेत. दहा व्होल्ट गळून आले की उणे २५ उरतात. ग्रिडवरचं उणे व्होल्टेज घटलं की ट्यूब मोकाट करंट ओढते. त्यात असा कंडेन्सर तापला की जास्तच गळतो. म्हणून सुरुवातीला सगळं ठीक आणि नंतर लाली. गुणगुणीचा उगमही बहुतेक इथलाच. पुश-पुल जोडणीत, म्हणजे दोन ट्यूब आळीपाळीने ढकलतात-ओढतात तिथे, दोन्ही ट्यूब सारखा करंट घेत असल्या की पॉवर सप्लायमधली गुणगुण ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकींना कापते. एक ट्यूब बहकली की ती कापाकापी थांबते आणि जी आतापर्यंत दबली होती ती स्पीकरमधून ऐकू येते.

हे मीटरवर पकडता येतं. संशयित ट्यूब काढून तिचं सॉकेट रिकामं ठेवा (एका वेळी एकच काढा, चारही काढल्या तर सप्लायचे व्होल्ट चढतात आणि म्हातारे फिल्टर कंडेन्सर बसतात). खालून पाहताना सॉकेटच्या खाचेपासून घड्याळाच्या दिशेने मोजत पाचवी जागा म्हणजे कंट्रोल ग्रिड. तिथला डीसी जमिनीच्या, म्हणजे चासीच्या, संदर्भात मोजा. ग्रिडला बाहेरून बायस, म्हणजे ते ठरावीक उणे व्होल्टेज, देणारा अँप्लिफायर असेल तर चारही सॉकेटवर जवळपास सारखेच उणे व्होल्ट हवेत. कॅथोड बायसवाला (तिथे तेच काम कॅथोडचा, म्हणजे ट्यूबच्या तापणाऱ्या टोकाचा, रोध करतो) असेल तर चोख शून्य. एकाच सॉकेटवर आकडा वर सरकत असेल, आणि यंत्र तापेल तसा आणखी सरकत असेल, तर चोर सापडला. उलट, ट्यूब काढल्यावर सगळं ठीक आणि लावल्यावर बिघडतं असं असेल, तर ट्यूबच्या आत हवेचा अंश शिरलाय आणि ग्रिड स्वतःच करंट वाहतोय.

आता हे तुम्ही स्वतः करावं का? आत ४०० व्होल्टच्या वर डीसी आहे आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये बसून राहतो. मीटर धरायची आणि कंडेन्सर रोधामार्फत रिकामे करायची सवय नसेल तर ट्यूबवर काम केलेल्या माणसाला बोलवा. ट्रान्झिस्टरवाला हुशार असला तरी इथे नवखाच असतो. आणि एक गोष्ट कुणीही विसरू नये: ट्यूबचा अँप्लिफायर स्पीकर न जोडता चालू करायचा नाही. जोडायला स्पीकर नसेल तर ८ ओमचा दणकट रोध लावा. ट्रान्झिस्टरला रिकामे टर्मिनल चालतात. इथे आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर इतका दाब चढू शकतो की आतलं इन्सुलेशन फाटतं.

तेव्हा क्रम असा. सगळे कागदी कपलिंग कंडेन्सर काढून प्लास्टिक फिल्मचे कंडेन्सर घाला, चांगला दिसणाराही ठेवू नका. सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर तपासा, सुकलेले असतात. कार्बन कॉम्पोझिशनचे रोध वयोमानाने वर चढतात, १०० किलोओमचा १३० झालेला असतो, ते बदला. सॉकेटचे पाय घट्ट करा. सोल्डरचे कोरडे डाग पुन्हा द्या. आणि मग बायस.

बायसचं गणित घरी करता येतं. प्लेटवर ४२५ व्होल्ट असतील आणि मर्यादेच्या सत्तर टक्क्यांवर थांबायचं असेल, तर २५ वॉटचे १७.५ वॉट, भागिले ४२५, म्हणजे सुमारे ४१ मिलिअँप. प्रत्येक ट्यूबच्या कॅथोडला १० ओमचा रोध बसवून घ्या. त्याच्यावर ४१० मिलिव्होल्ट दिसले की झालं. या आकड्यात स्क्रीनचा, म्हणजे ट्यूबमधल्या दुसऱ्या जाळीचा, करंटही येतो, त्यामुळे प्लेटला प्रत्यक्षात थोडा कमीच जातो. काळजीच्या बाजूने चूक झालेली बरी.

हे सगळं झाल्यावर मलार्ड. आधी बसवल्या असत्यात तर गळक्या रांजणात अत्तर ओतल्यासारखं झालं असतं. आणि पेटीबंद आहेत म्हणून भुलू नका. त्या माणसाकडून प्रत्येक ट्यूबचे दोन आकडे मागा, प्लेट करंट आणि ट्रान्सकंडक्टन्स (ग्रिडवर एक व्होल्ट बदलला की प्लेट करंट किती बदलतो), आणि कोणत्या व्होल्टेजला मोजले तेही. तपशीलपत्रकात ईएल३४ला २५० व्होल्टच्या प्लेटवर आणि उणे १२.२ व्होल्टच्या ग्रिडवर १०० मिलिअँप आणि ११ मिलिअँप प्रति व्होल्ट दिलेत. चारही ट्यूबचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. विकणारा ‘टेस्टेड गुड’ एवढंच म्हणत असेल तर मी त्या ट्यूब घेणार नाही.

प्रश्न: रेकॉर्ड ऐकतो. फोनो प्री-अँपमध्ये (रेकॉर्डचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या यंत्रात) तीन ईसीसी८३ ट्यूब आहेत. तिन्ही जुन्या आणि चांगल्या घ्यायच्या की एकच पुरेल? टेलिफुंकन घ्यावी, मलार्ड की अँपेरेक्स? आणि खरी आहे हे ओळखायचं कसं?

एकच पुरेल, आणि ती सगळ्यात पहिली. सुईच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून येणारा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो. त्यात आरआयएएची, म्हणजे रेकॉर्ड कापताना बदललेला सुरांचा तोल परत आणणारी, दुरुस्ती खालच्या सुरांना आणखी उचलते. पहिल्या ट्यूबने जो हिस्स किंवा खरखर घातली, ती पुढच्या सगळ्या टप्प्यांतून वाढत जाते. तिसऱ्या ट्यूबपर्यंत सिग्नल इतका मोठा झालेला असतो की तिथे आज बनणारी साधी, शांत ट्यूब बसवा, कुणाला कळणार नाही. कुणी तिन्ही जागांसाठी दुर्मीळ ट्यूब गळ्यात मारायला आला तर नाही म्हणा.

कंपनी कोणती, याला माझं उत्तर नेहमीच निराश करतं: शांत असलेली. एकाच कारखान्यातल्या, एकाच महिन्यातल्या दोन ट्यूबमध्ये हिस्सचा फरक मी दोन कंपन्यांमधल्या फरकापेक्षा जास्त पाहिलाय. स्वभाव म्हणाल तर टेलिफुंकनची गुळगुळीत प्लेटची ईसीसी८३ साफ आणि मोजूनमापून बोलणारी, मलार्ड मधल्या सुरांत जरा भरलेली, असं ऐकणारे म्हणतात आणि माझ्या कानालाही तसंच वाटतं. पण आवडीचा प्रश्न आहे; हिस्स हा आवडीचा प्रश्न नाही.

खरेपणा पाहताना काचेवरच्या छापाकडे दुर्लक्ष करा. छाप कुणीही मारू शकतो. टेलिफुंकनच्या कारखान्यात बनलेल्या छोट्या ट्यूबच्या तळाला, पायांच्या मधोमध, काचेतच घडवलेली हिऱ्याची चौकट असते. भिंगाखाली धरून नख फिरवलं की उंचवटा लागतो. गंमत अशी की काही टेलिफुंकन ट्यूब फिशर किंवा डायनाको या अँप्लिफायर कंपन्यांच्या नावाने विकल्या गेल्या. छाप त्यांचा, तळाला हिरा. त्या घेणारा शहाणा. उलटही होतं: टेलिफुंकनचा छाप असतो, पण दुसरीकडून आणलेली ट्यूब असते आणि हिरा नसतो.

मलार्डच्या आणि एकूणच फिलिप्स घराण्याच्या ट्यूबवर काचेच्या तळाजवळ करड्या रंगात दोन ओळींचा कोरल्यासारखा बारीक संकेत असतो. वरच्या ओळीत ट्यूबचा प्रकार: ईसीसी८३ला आय६१, आय६३ असे, ईएल३४ला एक्सएफ१, एक्सएफ२ असे. खालच्या ओळीत आधी कारखाना, बी म्हणजे इंग्लंडमधलं ब्लॅकबर्न. मग वर्षाचा शेवटचा अंक, महिन्याचं अक्षर (ए म्हणजे जानेवारी) आणि आठवडा. वर्षाचा एकच अंक असल्याने ५ म्हणजे १९६५ की १९७५, हे प्लेटच्या घडणीवरून आणि गेटरच्या (त्याबद्दल पुढे) आकारावरून ठरवावं लागतं. मलार्ड फिलिप्सचीच, अँपेरेक्सही फिलिप्सच्याच घरातली. त्यामुळे अँपेरेक्सचा छाप आणि बी हे अक्षर, असं दिसलं तर दचकू नका, ती ब्लॅकबर्नचीच ट्यूब आहे. संकेत पुसट झाला असेल तर तिरप्या उजेडात धरा. ओल्या फडक्याने मात्र पुसू नका, जुनी शाई हाताला लागून येते.

वरच्या बाजूची ती चंदेरी झळाळी म्हणजे गेटर, आतला उरलासुरला वायू शोषणारा बेरियमचा लेप. तो पांढरा फटक झाला असेल तर काचेला चीर गेली आणि हवा आत शिरली. ती ट्यूब फेकून द्या. पण झळाळी मोठी म्हणजे आयुष्य जास्त, असा हिशेब धरू नका. कडा तपकिरी आणि विरळ दिसल्या तरी ट्यूब ठणठणीत असू शकते.

एक गोष्ट टेस्टर सांगत नाही: ट्यूब मायक्रोफोनिक, म्हणजे धक्क्याचाही आवाज करणारी, आहे का. ती बसवा, आवाज ठेवता तेवढा ठेवा, रेकॉर्ड न लावता पेन्सिलीच्या रबराने काचेवर हळूच टिचकी मारा. स्पीकरमधून थोडी टक् आली तर ठीक. टिचकीनंतर घंटेसारखा नाद रेंगाळला तर ती पहिल्या जागी नको. शेवटच्या टप्प्यात खपवा. ट्यूब घेताना याच कारणासाठी परत करायची मुभा मागून ठेवा.

प्रश्न: १२एएक्स७ (ईसीसी८३चंच अमेरिकन नाव) महाग पडते. तिच्या जागी १२एयू७ किंवा ६डीजे८ चालेल का? ‘पाय सारखेच आहेत’ असं सांगतात.

१२एयू७चे पाय सारखे आहेत, ट्यूब सारखी नाही. १२एएक्स७चा वर्धनांक, म्हणजे सिग्नल किती पट वाढवू शकते तो आकडा, १००, १२एटी७चा ६०, १२एयू७चा वीसच्या आतबाहेर. आतला रोध १२एएक्स७मध्ये साठेक किलोओम, १२एयू७मध्ये आठाच्याही खाली. साध्या लाइन टप्प्यात आवाज कमी होईल आणि काही बिघडणार नाही. फोनोत मात्र आरआयएएचं गणित त्या आतल्या रोधावर बसवलेलं असतं. ट्यूब बदलली की ते कोलमडतं आणि लोक त्यालाच ‘वेगळा स्वर’ म्हणतात.

६डीजे८ तर मुळीच नको. १२एएक्स७चा हीटर ६.३ व्होल्टवर चालवताना सॉकेटचे ४ आणि ५ हे पाय एकत्र जोडतात आणि दुसरं टोक ९ला जातं. ६डीजे८चा हीटर ४ आणि ५च्या दरम्यान असतो, ९ हा तिचा आतला पडदा. म्हणजे ट्यूब पेटणारच नाही. सोव्हिएत बनावटीच्या ६एन२पीबाबतही हीच फसगत होते; आवाजाने ती १२एएक्स७ची बहीण आहे, पण हीटरची जोडणी वेगळी.

आणि ६डीजे८ ऐवजी ६९२२, म्हणजे ई८८सीसी? हो, खुशाल. उलट करू नका. ६डीजे८च्या प्लेटला १३० व्होल्टच सोसतात, ६९२२ला २२०. तुमचं सर्किट १८० वर चालत असेल तर ६डीजे८ काही काळ गाईल आणि मग रुसेल.

प्रश्न: रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारी) ट्यूब जीझेड३४ काढून ५यू४ लावली तर बास घट्ट होतो असं ऐकलंय.

उलट ऐकलंत, किंवा उलट सांगितलं. ५यू४मध्ये व्होल्ट जास्त पडतात, त्यामुळे झाला तर बास सैल होईल. पण खरी अडचण पुढे आहे. जीझेड३४च्या हीटरला ५ व्होल्टवर १.९ अँपिअर लागतात, ५यू४ला ३. ट्रान्सफॉर्मरच्या त्या वळणात एवढी ताकद नसेल तर तो तापत राहील. शिवाय जीझेड३४ हळू तापते, तोवर बाकीच्या ट्यूबही जाग्या होतात. ५यू४ लगेच पेटते आणि ओढणारं कुणी नसताना सप्लायचे व्होल्ट शिगेला नेते. पहिला कंडेन्सर तेवढ्याचा नसेल तर फुटला समजा. जीझेड३४ काढू नका. तुमची मूळची ब्लॅकबर्नची असेल, संकेत एफ३२ किंवा एफ३३ असा, तर तर नकोच. या ट्यूब पिढीभर टिकतात.

प्रश्न: नव्याने घेतलेली जुनी ट्यूब बसवली. मला फरक आभाळाएवढा वाटतो. कन्या म्हणते, काही नाही. कुणाचं खरं?

वादावादीपेक्षा मोजा. दोन ट्यूबचं वर्धन जरासं वेगळं असतं आणि थोडा मोठा आवाज कानाला नेहमी ‘चांगला’ वाटतो, मोठा वाटत नाही. १००० हर्ट्झचा टोन वाजवा, स्पीकरच्या टर्मिनलवर एसी मोजा, समजा १.०० व्होल्ट. ट्यूब बदलल्यावर व्हॉल्यूम फिरवून पुन्हा १.०० वर आणा. एक टक्का फरक म्हणजे ०.१ डेसिबेलच्याही आत, तो चालेल. ट्यूब कोणती बसवली हे कन्येने ठरवायचं आणि तुम्ही पाठ करून बसायचं. बदल करताना यंत्र बंद, थंड, पुन्हा गरम. तोवर कान आधीचं विसरतो, म्हणून एकच ओळखीचं कडवं पुन्हा पुन्हा लावा. बऱ्याचदा चुकलात तर कन्येचं खरं. अचूक ओळखत गेलात तर तिला बसवा.

प्रश्न: काचेला बोट लागलं तर ट्यूब फुटते का? हातमोजे घालावेत का?

नाही. ते हॅलोजन दिव्याचं. काच गार असताना धरा, छापावर अंगठा ठेवू नका, आणि नऊ पायांची छोटी ट्यूब काढताना सरळ वर ओढा; गदागदा हलवलीत तर पायांच्या मुळाशी काच तडकते.

प्रश्न: ३००बी ट्यूबचा सिंगल-एंडेड, म्हणजे प्रत्येक बाजूला एकच आउटपुट ट्यूब असलेला, अँप्लिफायर घ्यायचा विचार आहे. स्पीकर ८६ डेसिबेलचे आहेत. त्यात वेस्टर्न इलेक्ट्रिकची मूळ ट्यूब बसवली तर दम वाढेल का?

दम ट्यूबच्या वयाने वाढत नाही. ३००बी १९३८ची असो की गेल्या वर्षीची, अशा सर्किटातून ८ वॉटच्या आसपासच मिळणार. ८६ डेसिबेलचा स्पीकर एक वॉटला, एक मीटरवर ८६ देतो. दर दुपटीला ३ डेसिबेल, म्हणजे ८ वॉटला ९५. एक मीटरवर हे बरं वाटतं. तुम्ही तीन मीटरवर बसता, वाद्यवृंद चढला की अचानक दहापट ताकद लागते, आणि तिथे हा अँप्लिफायर गुदमरतो. तीन मीटरवर मध्यम आवाजात एकटा गायक आणि तानपुरा ऐकत असाल तर अडचण नाही. बाकी सगळ्यासाठी आधी ९५ डेसिबेलच्या पुढचे स्पीकर, किंवा मग ईएल३४चा पुश-पुल. तो ३० वॉट सहज देतो, आणि वरच्या पत्रातल्यासारखा एखादा मिळाला तर त्याचे कंडेन्सर बदलायची तयारी ठेवा.